कंदील किती खोल सोडायचा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झरी जामणी तालुका आहे. पैनगंगेच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. वर कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारी काळी जमीन, पोटात कोळसा. या तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा पाणबुडा व्हायला मालवणला गेला, त्याची ही गोष्ट.

समुद्र त्यानं आधी पाहिलेला नव्हता. पोहायला तो गावच्या विहिरीत शिकला आणि पैनगंगेच्या डोहात तयार झाला. वणीहून नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ आणि कुडाळहून एसटीनं मालवण, असा प्रवास करून तो पोचला. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं स्कूबा डायव्हिंगची संस्था काढली, तेव्हापासून त्या किनाऱ्यावर या कामाला बरकत आली आहे. आसपास खासगी शाळाही आहेत. त्यांतल्या एका शाळेत त्यानं नाव घातलं.

मुलगा हुशार होता. श्वास संथ ठेवायचा, कानातला दाब सोडायचा, पाण्यात ना वर ना खाली असं तरंगत राहायचं, हे सगळं त्याला लवकर जमलं. पहिला अभ्यासक्रम आटोपून तो दुसऱ्याला लागला. आता जास्त खोल जायचं होतं, म्हणून प्रत्येकाच्या हाती डाइव्ह कॉम्प्युटर आला.

सरांनी यंत्राचं काम समजावून सांगितलं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. सावकाश वर आलं की तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईनं वर आलं तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे धरतात, अंग बधिर होतं आणि मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो. यंत्र सारखं पाण्याचा दाब मोजतं, त्यावरून खोली काढतं, वेळेशी तिचा मेळ घालतं, या खोलीवर अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगतं आणि वर येण्याचा वेग वाढला तर ओरडतं.

शाळेकडे दोन तऱ्हेची यंत्रं होती. काही मनगटावर बांधायची. काही कन्सोलमधली, म्हणजे टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजच्या शेजारी, एका रबरी नळीच्या टोकाला बसवलेली. मुलाच्या वाट्याला कन्सोल आला. सर म्हणाले, "नळी समोर घेऊन छातीवरच्या कडीला अडकव. मान वाकवली की दिसलं पाहिजे."

त्यानं एकदा तसं केलं. पोहताना कन्सोल छातीवर आपटत राहिला. दुसऱ्या बुडीला त्यानं तो काढून कमरेमागच्या कडीला लावला. आता काही टोचत नव्हतं, हात मोकळे झाले.

होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाच्या नजरेतून ते सुटलं नाही. तो म्हणाला, "झिला, ता यंत्र पाठीमागे बांधून उपयोग काय? पाण्यात पाठीमागे कोण बघता?"

मुलगा म्हणाला, "काका, माझ्या जोडीदाराच्या मनगटावर आहे की. आम्ही दोघं बरोबरच असतो."

पाण्याखाली गेल्यावर दोघं बरोबर होते खरे, पण एका खोलीवर नव्हते. जोडीदार खडकाच्या माथ्यावरून चौदा मीटरवर चालला होता. मुलाला खडकाच्या पायथ्याशी एका फटीत शेवंड दिसली. तिच्या लांबलचक मिशा हलत होत्या. तो खाली उतरला आणि रमला. तिथं खोली अठरा मीटर होती. मध्येच त्यानं वर बघून बोटानं विचारलं, किती वेळ आहे? जोडीदारानं मनगट पाहून खूण केली, भरपूर आहे. त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

निघायची खूण झाली तेव्हा मुलगा वर येऊ लागला. पाणी गढूळ होतं, खडक दिसेनासा झाला. जवळपास काही स्थिर दिसत नसेल तर पाण्यात आपण वर चाललो आहोत की जागच्या जागी आहोत, हे डोळ्यांना कळत नाही. जसजसा तो वर आला तसतसा अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटमधला वारा फुगत गेला आणि त्याला आणखी वेगानं वर ओढू लागला. तेवढ्यात टिटि टिटि असा आवाज सुरू झाला. त्यानं मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं धावतो. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी आदळतो, त्यामुळे तो कुठून येतो हे माणसाला ओळखता येत नाही. मुलाला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं तरी यंत्र ओरडतंय.

ओरडत होतं त्याच्याच पाठीमागचं.

सरांनी खालून येऊन त्याचा पाय धरला. जॅकेटमधला वारा सोडायला लावला, कन्सोल ओढून त्याच्या डोळ्यांपुढे आणला. वर येण्याचा वेग मर्यादेच्या दुप्पट होता. तळाशी थांबायची मिनिटंही संपत आलेली होती. सरांनी त्याला पाच मीटरवर धरून ठेवलं. तिथं एरवी तीन मिनिटं थांबतात, त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांनी त्याला थांबवलं. होडीवर घेतल्यावर शुद्ध ऑक्सिजनचा मास्क लावला आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू दिलं नाही. मुलाला काही झालं नाही. वेळ आली होती, ती सरांच्या हातानं टळली.

संध्याकाळी सरांनी त्याला बोलावलं. रागावले नाहीत. एक छापील तक्ता पुढे ठेवून म्हणाले, "वाच."

पाडी या संस्थेचा तो तक्ता जगभर शिकवला जातो. दिवसातल्या पहिल्या बुडीला चौदा मीटरवर जास्तीत जास्त ९८ मिनिटं. अठरा मीटरवर ५६.

"चार मीटरचा फरक," सर म्हणाले. "तुमच्याकडच्या विहिरीत एवढं अंतर तू एका दमात उतरत असशील. पण वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. आणि तुमची तर ही दिवसातली दुसरी बुडी होती. सकाळचा नायट्रोजन अंगात शिल्लक होता, म्हणजे वेळ त्याहूनही कमी. जोडीदाराच्या यंत्रानं तुला खोटं सांगितलं नाही. ते जिथं होतं तिथलं खरं सांगत होतं. तू तिथं नव्हतास."

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, हे मला ठाऊक होतं. माझ्या आबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. मी ते विहिरीपुरतं धरून बसलो."

त्याचे आबा आयुष्यभर विहिरींचा गाळ काढत आले होते. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात, तेव्हा हे काम निघतं. वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी ते पेटता कंदील दोराला बांधून आत सोडत. एका वर्षी गडी घाईत होते. एकानं कंदील अर्ध्या विहिरीपर्यंत सोडला, ज्योत नीट जळते आहे असं पाहिलं आणि वर ओढून घेतला. धोतराचा काचा मारून तो उतरायला निघाला. आबांनी त्याचा दंड धरला.

"तू उभा कुठी रायशील? मधात का बुडाशी?"

"बुडाशी."

"मग कंदील बुडाशी सोड."

कंदील तळाला टेकता टेकता विझला. पालापाचोळा कुजून झालेला कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. तो तळाशी साचून राहतो आणि वरची अर्धी विहीर निर्मळ असते. त्या दिवशी तो गडी उतरला असता तर वर आला नसता. हातातला दोर तसाच धरून सात-आठ वर्षांचा नातू हे सगळं बघत होता.

सरांनी ते लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, "तुझे आबा आणि हा तक्ता यांच्यात एक माणूस उभा आहे. जॉन स्कॉट हाल्डेन. ब्रिटनमधला शरीरशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत माणसं कशानं मरतात हे शोधायला तो स्वतः खाणीत उतरायचा. ज्योत विझवणारी खाणीतली कुंद हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचं मिश्रण, हे त्यानं दाखवलं. कार्बन मोनॉक्साइड ओळखायला पिंजऱ्यातला छोटा पक्षी बरोबर न्यावा, हाही त्याचाच सल्ला. पक्ष्याचा श्वास जलद असतो, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळतो. पुढे त्यानं ब्रिटिश आरमारासाठी बोकड-शेळ्यांवर दाबाचे प्रयोग केले आणि १९०८ साली पाणबुड्यांनी किती थांबत वर यावं याचे पहिले शास्त्रशुद्ध तक्ते छापले. आपल्या यंत्रातलं गणित त्याच तक्त्यांच्या वंशातलं आहे. आता सांग, खाणीत जाणारा माणूस तो पक्षी कुठं ठेवायचा?"

"आपल्याजवळ."

"जवळ, आणि दिसेल असा. खाणीच्या तोंडाशी टांगून ठेवला असता तर पक्षी जगला असता आणि माणूस मेला असता."

मग सरांनी यंत्र बांधण्याची रीत नीट सांगितली. पहिली गोष्ट, प्रत्येकाचं यंत्र वेगळं आणि दिवसभर तेच. सकाळच्या बुडीचा हिशोब त्याच्या पोटात असतो. दुपारी दुसऱ्याचं घेतलं तर ते दुसऱ्याच्या शरीराचा हिशोब सांगेल. दुसरी गोष्ट, यंत्र अंगावरच. काही जण वर येताना ते दोराला टांगून ठेवतात आणि त्याचे थांबे पुरे होऊ देतात. अशानं यंत्राचा नायट्रोजन निघतो, माणसाचा निघत नाही. तिसरी, मनगट सगळ्यांत सोयीचं, कारण काहीही न शोधता, न ओढता नजर तिथं जाते. पण पोषाखाचं रबर दाबाखाली चेपतं आणि काठावर घट्ट बसलेला पट्टा खोलवर गेल्यावर सैल होऊन घसरतो. म्हणून ताणला जाणारा पट्टा बरा, आणि खाली पोचल्यावर एकदा चाचपून बघायचा.

"डाव्या हाताला की उजव्या?" मुलानं विचारलं.

"वर येताना डाव्या हातानं जॅकेटची नळी उंच धरून वारा सोडावा लागतो. यंत्र डावीकडे असलं तर त्याच वेळी डोळ्यांपुढे येतं, हा फायदा. पण हात झटकन वर नेला की यंत्राला वाटतं माणूसच वर उसळला, आणि ते उगाच ओरडतं. हात डोक्यावर ताठ राहिला तर छातीपेक्षा अर्धा-पाऊण मीटर उथळ खोली दाखवतं. उजवीकडे हा त्रास कमी. दोन्हींत काही जातं, काही मिळतं. एक हात ठरव आणि तो बदलू नकोस. पाच मीटरवर थांबशील तेव्हा ते मनगट छातीच्या रेषेत धर. खोली तुझ्या छातीची मोजायची आहे, बोटांची नाही. आणि कन्सोलच वापरायचा असेल तर तो समोर असू दे. मागं लोंबणारा कन्सोल प्रवाळही मोडतो आणि माणूसही."

दुसऱ्या आठवड्यापासून मुलानं यंत्र उजव्या मनगटाला बांधलं. दर दोन-तीन श्वासांनी नजर तिकडे टाकायची सवय लावून घेतली. मे महिन्यात समुद्र खवळायला लागला, शाळेचा हंगाम संपला आणि तो गावी आला.

गावात त्याच जुन्या विहिरीचा गाळ काढायचा होता. मुलाचा मामा वणी भागातल्या भूमिगत कोळसा खाणीत काम करून निवृत्त झाला होता. त्यानं ओळखीच्या ठेकेदाराकडून हवा तपासायचं मीटर मिळवून आणलं. आबा कंदील घेऊन आले होते. मामानं त्यांना समजावलं, "आबा, कंदील ऑक्सिजन कमी झाल्याचं सांगते. पण डिझेल पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याले समजत नाही. ज्योत जळत रायते अन् माणूस पडते. अन् खाली पेट घेनारा वायू असन तर कंदीलच इहीर पेटवन."

आबांनी कंदील बाजूला ठेवला. आयुष्यभराचा सोबती, पण त्यांनी हट्ट केला नाही.

मुलानं मीटर दोराला बांधून थेट तळापर्यंत सोडलं. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की मीटर वाजतं. तळाला पोचता पोचता ते वाजू लागलं. मग वरून पंखा लावून मोठ्या नळीनं ताजी हवा विहिरीच्या बुडाशी सोडली. दुपारी मीटर पुन्हा सोडलं, वेगवेगळ्या उंचीवर थांबवून वाचलं. सगळीकडे ठीक होतं. पंखा चालूच ठेवायचं ठरलं. कमरेला आणि खांद्यांना पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोर धरायला वर चार माणसं. मुलगा पहिला उतरणार होता. त्यानं मीटर घेतलं आणि मोठ्या तोऱ्यात उजव्या मनगटाला बांधलं.

आबांनी विचारलं, "हे हाताले काहून बांधलं?"

"आबा, समुद्रात असंच बांधतात. नजरेसमोर राहते."

"समुद्रात ते काय मोजते?"

"दाब. मी किती खोल हाये ते."

"अन् हे?"

"हवा."

"तू हवा हातानं घेतं का नाकानं?"

मुलगा थबकला. आबा पुढे म्हणाले, "घमेलं वर देशील तवा हात डोक्याच्या वर जाईन, वरची चांगली हवा मोजन. गाळात हात घालशील तवा ते चिखलात बुडन, काईच मोजनार नाही. अन् तू वाकशील तवा तुह्यं नाक कुठी असन, ते त्याले कसं समजन?"

मामा म्हणाला, "खरं हाये. खाणीत आमाले नाकाजवळ, गळ्याखाली लावाले सांगत. अन् मिथेन पाहाचा असला तर मीटर छताशी न्याव लागे, कारण तो हलका, वर जमा होते. तिथी बुडाशी पायलं तर काईच दिसत नाही."

मुलानं मीटर सोडलं आणि सदऱ्याच्या गळ्याशी, हनुवटीखाली वीतभर अंतरावर अडकवलं. आता त्याला पुरतं उमगलं. मालवणात त्यानं 'मनगट' एवढंच पाठ केलं होतं. आबांना मनगट माहीत नव्हतं, समुद्र माहीत नव्हता, नायट्रोजन तर नाहीच नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की यंत्राची जागा यंत्र ठरवत नाही, धोका ठरवतो. विहिरीतला जड वायू तळाशी असतो म्हणून कंदील तळाशी. खाणीतला हलका वायू छताशी असतो म्हणून मीटर छताशी. श्वासातून येणारं विष नाकाशी मोजायचं. पाण्याचा दाब सगळ्या अंगाला वेढून असतो. तो अंगावर कुठंही मोजता येतो, म्हणून तिथं जागा ठरवायची ती डोळ्यांच्या सोयीनं.

विहिरीचा गाळ त्या उन्हाळ्यात निघाला. कुणाला इजा झाली नाही. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा विहीर काठोकाठ भरायला मोकळी होती.

ऑक्टोबरात मुलगा मालवणला परतला. आता तो शाळेत मदतनीस होता. नव्या तुकडीतल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, हे कुठं बांधू?" तो 'मनगटावर' असं लगेच बोलला नाही. त्यानं तिला तीन प्रश्न विचारले. हे यंत्र काय मोजतं? जे मोजतं ते तुझ्या अंगाला कुठं शिवतं? आणि यंत्रानं हाक मारली तर ती तुझ्यापर्यंत पोचेल का? मुलीनं विचार केला, आणि यंत्र आपणहून मनगटाला बांधलं. मग तिनं जोडीदाराचंही तपासलं.

तात्पर्य: राखणदार जिथं उभा असतो तिथलंच तो राखतो. आपला जीव राखणारं साधन दुसऱ्याच्या अंगावर, सोयीच्या अर्ध्या वाटेवर किंवा स्वतःच्या पाठीमागे ठेवलं तर ते खरं बोलूनही आपल्या कामी येत नाही. पाणी असो, विहीर असो की खाण, आधी धोका कुठं आहे ते ओळखावं, साधन तिथं न्यावं आणि त्याच्यावरची नजर काढू नये.